‘ट्रान्स्फर सक्सेसफुल’ म्हणतंय, मग साईट का दिसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. छायाचित्रांची एक साईट स्वतःच्या संगणकावर तयार केली आणि तिथे ती व्यवस्थित चालते. होस्टिंग घेतलं, डोमेन जोडलं आणि फाईलझिला या फायली पाठवायच्या प्रोग्रामने सगळं अपलोड केलं. सुमारे ३४०० फायली होत्या, तीन तास लागले, शेवटी ‘ट्रान्स्फर सक्सेसफुल’ असं आलं. पण नुसतं डोमेन उघडलं की होस्टिंग कंपनीचं ‘लवकरच येत आहे’ छापाचं पान दिसतं. पत्त्यापुढे फोल्डरचं नाव जोडलं तर साईट उघडते, पण मांडणी विस्कटलेली आणि निम्मी चित्रं गायब. सगळं पुसून पुन्हा अपलोड करू का?

पुसू नका. तुमच्या फायली नीट पोचल्या आहेत. चुकली आहे ती जागा, आणि काही फायलींची नावं. ‘ट्रान्स्फर सक्सेसफुल’चा अर्थ एवढाच की इथले बाइट तिथे गेले. ते योग्य फोल्डरात गेले का, त्यांना सर्व्हर ज्या नावाने हाक मारणार आहे तेच त्यांचं नाव आहे का, आणि सर्व्हरला त्या वाचायची परवानगी आहे का, याबद्दल फाईलझिला काहीच बोलत नाही. ते तिचं कामही नाही. गेली पंधरा-सोळा वर्षं लोकांच्या साईट चढवतोय. अपलोड बिघडलं म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींत खरोखर अपलोड बिघडलेलं क्वचितच असतं. बहुतेकदा या तिघांपैकीच काहीतरी असतं.

आधी जागा. होस्टिंग खात्यात लॉगिन केल्यावर समोर जे फोल्डर दिसतं ते तुमचं घर समजा. त्यात मेल, लॉग, एसएसएल असे बरेच फोल्डर असतात. जगाला यातलं काहीही दिसत नाही. दिसतं फक्त एका ठरावीक फोल्डराच्या आतलं, त्याला डॉक्युमेंट रूट म्हणतात. होस्टिंग सांभाळायला सीपॅनेल हे पॅनेल असेल तर मुख्य डोमेनसाठी हे फोल्डर ‘पब्लिक_एचटीएमएल’, प्लेस्क या दुसऱ्या पॅनेलमध्ये ‘एचटीटीपीडॉक्स’, काही ठिकाणी ‘एचटीडॉक्स’ किंवा नुसतं ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’. नंतर जोडलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या डोमेनचं रूट बऱ्याचदा तिसरीकडेच असतं, त्यामुळे अंदाज बांधू नका. सीपॅनेलच्या ‘डोमेन्स’ या पानावर प्रत्येक डोमेनसमोर त्याचं डॉक्युमेंट रूट लिहिलेलं असतं, ते वाचा.

तुम्ही काय केलंत ते मला इथून दिसतंय. डाव्या बाजूला तुमचं साईटचं फोल्डर होतं, ते अख्खं उचलून उजवीकडे पब्लिक_एचटीएमएलमध्ये टाकलंत. म्हणजे घरात सामान मांडायच्या ऐवजी सामानाची पेटीच दिवाणखान्यात आणून ठेवली. फोल्डर न्यायचं नसतं, त्याच्या आतलं न्यायचं असतं. आधी आत शिरायचं, सगळं निवडायचं आणि मग ओढायचं.

दुरुस्तीसाठी पुन्हा तीन तास घालवायची गरज नाही. होस्टिंगच्या फाईल मॅनेजरमध्ये जा, त्या फोल्डरात शिरा, ‘सिलेक्ट ऑल’ करा आणि ‘मूव्ह’ देऊन पब्लिक_एचटीएमएलचा पत्ता टाका. सर्व्हर फायली प्रत्यक्ष हलवत नाही, फक्त नोंद बदलतो, म्हणून काही क्षणांत होतं. त्याआधी फाईल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘शो हिडन फाईल्स’ चालू करा. ज्या फायलींचं नाव टिंबाने सुरू होतं, उदाहरणार्थ सर्व्हरला सूचना देणारी .एचटीॲक्सेस, त्या लपलेल्या असतात आणि मागे राहून जातात. मग महिनाभराने माणूस डोकं धरून बसतो की एका पत्त्यावरून दुसऱ्यावर पाठवणारं पुनर्निर्देशन का चालत नाही.

आता ‘लवकरच येत आहे’चं पान. कोणी नुसतं डोमेन उघडलं की सर्व्हर त्या फोल्डरात इंडेक्स नावाची फाईल शोधतो: इंडेक्स.एचटीएमएल, इंडेक्स.पीएचपी वगैरे. एकाहून जास्त असतील तर त्याच्याकडे क्रम ठरलेला असतो आणि तो क्रम प्रत्येक ठिकाणी सारखाच असेल असं नाही. खातं उघडताना कंपनीने आपली एक इंडेक्स किंवा डिफॉल्ट नावाची फाईल तिथे ठेवलेली असते. ती काढून टाका. तुमची इंडेक्स एकच राहिली पाहिजे. तिचं नाव पूर्ण लहान लिपीत हवं. ‘आय’ मोठा असेल तर बहुतेक सर्व्हर तिला ओळखत नाहीत. विंडोज फायलींची शेपटी, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबापुढचा भाग, लपवतं, त्यामुळे इंडेक्स.एचटीएमएल.टीएक्सटी असं अर्धवट भूत तयार झालेलं असतं आणि डोळ्यांना फक्त इंडेक्स.एचटीएमएल दिसतं. एक्सप्लोररमध्ये ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा म्हणजे खरं नाव दिसेल.

चित्रं आणि मांडणी यांचं प्रकरण जरा खोल आहे, आणि मला वाटतं तुमच्याकडे दोन कारणं एकमेकांत मिसळली आहेत.

पहिलं कारण मार्गातल्या पहिल्या तिरप्या रेघेचं. पानात स्टाईलशीटचा पत्ता जर ‘/सीएसएस/स्टाईल.सीएसएस’ असा रेघेने सुरू होत असेल, तर ब्राउझर तो डोमेनच्या मुळापासून शोधतो. तुमची साईट एका फोल्डराने खाली बसली आहे, म्हणून तो पत्ता हवेत जातो. फायली वर हलवल्या की हा भाग आपोआप सुटेल. मांडणी विस्कटली ती बहुधा यामुळेच. रेघेशिवाय सुरू होणारे पत्ते चालू पानाच्या फोल्डरापासून मोजले जातात, म्हणून काही चित्रं दिसत होती आणि काही नव्हती.

दुसरं कारण लहान-मोठ्या लिपीचं. फायली वर हलवूनही काही चित्रं रुसलेलीच राहिली तर इथे बघा. विंडोजवर, आणि मॅकच्या नेहमीच्या मांडणीवरही, फोटो हे नाव मोठ्या ‘पी’ने लिहिलं काय आणि लहान ‘पी’ने लिहिलं काय, फाईल एकच. होस्टिंगचे बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सला ती दोन वेगळी माणसं वाटतात. कॅमेऱ्यातून आलेल्या फायलींची शेपटी बऱ्याचदा मोठ्या लिपीतली जेपीजी असते, पानात आपण सवयीने लहान लिहितो. स्वतःच्या संगणकावर चालतं, सर्व्हरवर ४०४, म्हणजे ‘फाईल सापडली नाही’. मी नियमच करून टाकला आहे: फायलींची नावं सगळी लहान लिपीत, मध्ये मोकळी जागा नाही, शब्द जोडायला आडवी रेघ. नावं देवनागरीत ठेवण्याचा मोह मलाही होतो आणि तांत्रिकदृष्ट्या ते चालतंही. पण पत्त्यात प्रत्येक अक्षराचे तीन बाइट टक्क्याच्या खुणा लावून पसरतात, काही झिप प्रोग्राम ती नावं उलगडताना बिघडवतात, आणि मॅक काही अक्षरं वेगळ्या जुळणीने साठवतं तेव्हा दिसायला सारखी असलेली दोन नावं सर्व्हरला निराळी वाटतात. मजकूर हवा तेवढा मराठीत लिहा, फायलींची नावं मात्र रोमन लिपीत ठेवा.

कोणतं चित्र कशामुळे रुसलंय हे एकेक पान डोळ्यांनी तपासत बसू नका. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ हा टॅब उघडा आणि पान पुन्हा लोड करा. ज्या ओळी लाल दिसतील त्या न सापडलेल्या फायली. एका ओळीवर क्लिक करून पूर्ण पत्ता बघा आणि तो फाईल मॅनेजरमधल्या खऱ्या नावाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. पत्ता चक्क ‘लोकलहोस्ट’ने किंवा ‘सी’ ड्राइव्हने सुरू होत असेल तर पान बनवताना तुमच्या संगणकाचाच पत्ता त्यात शिरला आहे. असं पान तुमच्या संगणकावर छान दिसतं आणि इतर कोणालाच दिसत नाही. म्हणून नवी साईट मी नेहमी फोनवर, वायफाय बंद करून, एकदा बघतो.

इथे एक सवय सांगतो. फाईल चढवायची वेळ आली की मी आधी एकच फाईल चढवतो. साधी मजकुराची, तपास.टीएक्सटी, आत एक ओळ. मग ब्राउझरमध्ये डोमेनपुढे तिचं नाव लावून उघडतो. ती दिसली म्हणजे एका झटक्यात तीन गोष्टी कळतात: डोमेन याच सर्व्हरकडे वळलेलं आहे, फोल्डर बरोबर आहे, आणि सर्व्हर ती फाईल वाचू शकतो. नाही दिसली तर पुढच्या ३४०० फायली चढवण्यात अर्थ नाही. दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही केलं असतंत तर तीन तास वाचले असते.

ती एक फाईलही दिसत नसेल आणि कंपनीच्या पानाऐवजी तिसरंच कोणतं तरी पान येत असेल, तर डोमेन अजून वळलेलं नाही. नेमसर्व्हर (डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारे सर्व्हर) बदलल्यावर जुनी माहिती वाटेतल्या सर्व्हरांच्या आठवणीत काही काळ राहते. किती काळ, ते त्या नोंदीच्या टीटीएलवर, म्हणजे नोंदीसोबत लिहिलेल्या मुदतीवर, ठरतं. काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत धरून चाला. तोवर थांबायचं नसेल तर तुमच्या संगणकाच्या ‘होस्ट्स’ फायलीत सर्व्हरचा आयपी पत्ता आणि पुढे डोमेन अशी एक ओळ टाका. मग तुमच्यापुरतं ते डोमेन नव्या सर्व्हरवर उघडेल. जुनी साईट नव्या होस्टिंगवर हलवताना तर हे करायलाच हवं, म्हणजे लोकांना कळण्याआधी आपल्याला चुका दिसतात. काम झालं की ती ओळ आठवणीने काढा. मी एकदा विसरलो होतो आणि चार महिन्यांनी सगळ्या जगाला दिसणारी साईट मला एकट्यालाच दिसत नव्हती.

आता तीन तासांबद्दल. लोक लगेच इंटरनेटच्या वेगाला दोष देतात. पण ३४०० छोट्या फायली आणि तेवढ्याच वजनाची एक मोठी फाईल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फाईलझिला ज्या पद्धतीने फायली पाठवते त्या एफटीपीमध्ये आज्ञा एका जोडणीवरून जातात आणि प्रत्येक फायलीसाठी वेगळी डेटा-जोडणी उघडते. ‘कुठे जोडू’ असं विचारायचं, उत्तर यायचं, जोडायचं, ‘ही फाईल घे’ म्हणायचं, फाईल पाठवायची, पोच घ्यायची, जोडणी बंद. प्रत्येक फायलीमागे हे चार-पाच हेलपाटे. फाईल केवढीशी का असेना, हेलपाटे तेवढेच. एका फायलीला एक सेकंद धरला तरी ३४०० फायलींना सुमारे ५७ मिनिटं नुसत्या येरझाऱ्यांत जातात. जोडणी एन्क्रिप्ट केलेली असेल, सर्व्हर दूर असेल, मध्ये एकदोनदा तुटली, की तीन तास सहज.

उपाय सोपा आहे. सगळ्याची एक झिप करा, ती एकच फाईल चढवा आणि फाईल मॅनेजरमधून तिथेच ‘एक्स्ट्रॅक्ट’ करा. जेपीजी चित्रं आधीच दाबलेली असतात, झिपने त्यांचं वजन जवळजवळ घटत नाही. फायदा हेलपाटे वाचण्याचा आहे. झिप करताना फोल्डर निवडू नका, आतल्या फायली निवडा, नाहीतर पुन्हा तीच पेटी दिवाणखान्यात. उलगडताना काही वेळ झिप आणि फायली अशी दुप्पट जागा लागते, तेवढी खात्यात आहे का बघा. मॅकवर केलेल्या झिपमधून ‘मॅकओएसएक्स’ नावाचं एक निरुपयोगी फोल्डर बाहेर पडतं, ते पुसा. आणि काम झाल्याबरोबर ती झिपही पुसा. हे सांगायला कंटाळत नाही मी. साईट.झिप, बॅकअप.झिप अशी नावं लावून पाहणारे स्वयंचलित प्रोग्राम इंटरनेटवर दिवसरात्र फिरत असतात. डॉक्युमेंट रूटमध्ये पडलेली झिप म्हणजे साईटचा सगळा कोड, पासवर्डसकट, वाटेवर ठेवलेला. कॉन्फिग फायलीची प्रत .बॅक अशा शेपटीने ठेवणं तेवढंच वाईट. शेपटी पीएचपीची असेल तर सर्व्हर ती चालवतो आणि आतला मजकूर दाखवत नाही; .बॅक असेल तर साधा मजकूर म्हणून हातात ठेवतो.

जागेइतकीच फायलींची संख्याही बघा. शेअर्ड होस्टिंगवर ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असलं तरी आयनोड नावाची एक मर्यादा असते. आयनोड म्हणजे ढोबळ मानाने फायली आणि फोल्डर यांची मोजणी, आणि त्यात मेलमधला प्रत्येक संदेशही धरला जातो. छायाचित्रांच्या साईटमध्ये प्रत्येक चित्राच्या तीन-चार आकारांच्या प्रती होतात तेव्हा ती मर्यादा वजनाच्या आधी गाठली जाते.

जोडणी कोणत्या पद्धतीने करायची याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. साधं एफटीपी फार जुनं आहे. अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये त्याचा पहिला मसुदा लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. म्हणजे आपण वेब म्हणतो ती गोष्ट जन्मायच्याही जवळपास वीस वर्षं आधीची ही वाट आहे. तेव्हा तारेवर जोडलेले संगणक हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे होते आणि पासवर्ड उघडा पाठवण्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. आज तो उघडाच जातो हे वाटेतल्या कोणत्याही फुकट वायफायला ठाऊक आहे. ब्राउझरांनीही २०२१ मध्ये एफटीपीला निरोप दिला, क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी.

म्हणून होस्टिंग देत असेल तर एसएफटीपी वापरा, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) २२. ते एसएसएच या कुलूपबंद जोडणीच्या वाटेवरून चालतं. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ही एसएसएचची वाट बांधली. नाव जुळतं म्हणून एफटीपीएस तेच समजू नका. ते जुनंच एफटीपी, वर टीएलएस या एन्क्रिप्शनचं कवच चढवलेलं, आणि पोर्ट साधारणपणे २१. दोन्ही चालतील. फाईलझिलाच्या साईट मॅनेजरमध्ये ‘एन्क्रिप्शन’च्या जागी ‘ओन्ली यूज प्लेन एफटीपी’ निवडलेलं नको, एवढं बघा. एसएफटीपीने पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवून ‘विश्वास ठेवू का’ असं विचारतात. पहिल्यांदा हो म्हणा. पण पुढे कधी ‘किल्ली बदलली आहे’ असा इशारा आला तर डोळे झाकून हो म्हणू नका, आधी होस्टिंगवाल्यांना विचारा.

पासवर्ड जपण्याबद्दल एक गोष्ट. २००९ मध्ये गम्ब्लार नावाच्या व्हायरसने लोकांच्या संगणकावरून एफटीपीचे पासवर्ड उचलून हजारो साईटमध्ये स्वतःचा कोड घुसवला. सर्व्हर सुरक्षित होते, मालकाच्या संगणकाची खिडकी उघडी होती. फाईलझिला साठवलेले पासवर्ड मास्टर पासवर्ड न लावता जवळजवळ उघडेच ठेवते. सेटिंगमध्ये मास्टर पासवर्डची सोय आहे, ती लावा, किंवा पासवर्ड साठवूच नका.

लॉगिन होत नसेल तर संदेशातला आकडा वाचा. ५३० म्हणजे नाव किंवा पासवर्ड चूक. मुख्य खात्याचं नाव नुसतं असतं, पण नंतर बनवलेल्या एफटीपी खात्याचं नाव बऱ्याचदा ॲट आणि डोमेनसकट पूर्ण द्यावं लागतं. ४२१ आला आणि जोडण्या जास्त झाल्याचं म्हणाला, तर एकाच वेळच्या जोडण्या दोनवर आणा. लॉगिन होतं पण फायलींची यादी येत नाही, नुसतं गोल गोल फिरतं, तेव्हा दोष डेटा-जोडणीचा. जुन्या ‘ॲक्टिव्ह’ पद्धतीत सर्व्हर तुमच्याकडे जोडायला येतो आणि राउटर त्याला दारातच अडवतो. ‘पॅसिव्ह’ निवडा, मग दोन्ही जोडण्या तुमच्याकडून उघडतात. ५५२ म्हणजे जागा संपली.

परवानग्यांबद्दल इंटरनेटवर इतका वाईट सल्ला फिरतो की जरा थांबून सांगतो. तीन आकडे असतात: पहिला मालकासाठी, दुसरा गटासाठी, तिसरा इतर सगळ्यांसाठी. प्रत्येक आकडा बेरजेचा: वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. फायलींना ६४४ म्हणजे मालक वाचेल-लिहील, बाकीचे फक्त वाचतील. फोल्डरांना ७५५, कारण फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ म्हणजे आत शिरणे. एकाने माझ्या सांगण्यावरून ६४४ लावलं आणि ‘सबडिरेक्टरींनाही लावा’वर खूण करून फोल्डरांनाही ६४४ दिलं. अख्खी साईट ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. फोल्डरातून शिरायचीच परवानगी गेली ना! फाईलझिलात तिथे ‘फक्त फायलींना’ आणि ‘फक्त फोल्डरांना’ असे वेगळे पर्याय आहेत, दोनदा वेगवेगळं लावा. आणि काही चाललं नाही की ७७७ करा म्हणणाऱ्याचं ऐकू नका. त्याने कोणालाही तिथे लिहिता येतं, आणि बऱ्याच शेअर्ड सर्व्हरांवर ७७७ असलेली पीएचपी फाईल चालवायलाच नकार मिळतो, समोर ५००, म्हणजे सर्व्हरच्या आतली चूक, येतो. म्हणजे दार सताड उघडं टाकूनही घर बंदच. ज्या कॉन्फिग फायलीत डेटाबेसचा पासवर्ड आहे तिला ६०० किंवा ६४० चालत असेल तर तेच द्या.

मराठी मजकुराच्या जागी विचित्र चिन्हांची रांग दिसली तर ते अपलोडचं नाही, एन्कोडिंगचं दुखणं. फाईल यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि पानाच्या डोक्यात चारसेट यूटीएफ-८ लिहा. तरीही बिघडलेलं दिसलं तर सर्व्हर आपल्या हेडरमधून दुसरंच एन्कोडिंग सांगत असेल, आणि त्याचं म्हणणं पानातल्या ओळीवर मात करतं. पीएचपी फायलींसाठी यूटीएफ-८ ‘बॉमशिवाय’ निवडा. बॉम म्हणजे फायलीच्या सुरुवातीला बसलेले तीन अदृश्य बाइट. ते आधी बाहेर पडतात आणि पीएचपी ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ म्हणून रडते. संपादकात ती जागा कितीही न्याहाळा, काही दिसत नाही.

चित्रं चढली पण उघडत नाहीत, रंगांचे पट्टे दिसतात, असं कधी झालं तर ट्रान्स्फरचा प्रकार ‘आस्की’ झालेला असेल. त्यात मजकुराच्या ओळींचे शेवट बदलले जातात. चित्राचे बाइट तसे बदलले की चित्र संपलं. ‘ऑटो’ किंवा ‘बायनरी’ ठेवा.

डेटाबेसवर चालणारी साईट असेल, वर्डप्रेस वगैरे, तर फायली चढवणं हे निम्मंच काम. डेटाबेस पीएचपीमायॲडमिन या पॅनेलमधल्या साधनातून वेगळा न्यावा लागतो, आणि जुना पत्ता बदलताना नुसतं शोधा-बदला केलं तर क्रमबद्ध केलेल्या नोंदी मोडतात, कारण त्यात अक्षरांची संख्या मोजून लिहिलेली असते. त्यासाठीचं खास साधन वापरा.

सगळ्यांत महागात पडलेली चूक मात्र पहिल्या अपलोडची नव्हती, दुसऱ्या-तिसऱ्या अपलोडची होती, आणि ती माझीच. एका ग्राहकाची साईट, लोक त्यात आपापले फोटो टाकायचे. मी स्वतःच्या संगणकावर पानं सुधारली आणि आरसिंक या दोन फोल्डर जुळवणाऱ्या प्रोग्रामने सर्व्हरशी जुळवून घेतली. आरसिंक फार सुंदर साधन आहे, बदललेला भागच पाठवतं, १९९६ पासून लोक वापरतायत. मी त्याला ‘डिलीट’चा पर्याय दिला: इथे नाही ते तिथून काढ. लोकांनी टाकलेले फोटो माझ्याकडे कुठून असणार? गेले. बॅकअप दोन दिवसांपूर्वीचा होता, मधल्या दोन दिवसांचे फोटो कोणालाच परत मिळाले नाहीत. तेव्हापासून डोक्यात पक्कं आहे: कोड इथून तिथे जातो, लोकांचा डेटा तिथून इथे येतो, आणि या दोन वाटा एका फोल्डरात मिसळू द्यायच्या नाहीत. ‘डिलीट’ वापरायचंच तर आधी ‘ड्राय रन’, म्हणजे काही न बदलता नुसती रंगीत तालीम, करून काय पुसलं जाणार आहे त्याची यादी वाचतो. स्रोताच्या नावाशेवटी तिरपी रेघ असली तर आतलं जातं आणि नसली तर फोल्डर जातं, हेही तिथे तपासतो. पेटी आणि सामान, तोच घोळ.

सुधारणा चढवताना क्रमही पाळतो: आधी चित्रं, मग स्टाईलशीट, शेवटी पानं. उलट केलं तर मधल्या काही मिनिटांत आलेल्या माणसाला अर्धवट साईट दिसते. स्टाईलशीट बदलूनही जुनंच रूप दिसत असेल तर घाबरून पुन्हा अपलोड करू नका, ब्राउझरने जुनी प्रत धरून ठेवली आहे. कंट्रोल-एफ५ दाबा. पण ते फक्त तुमच्यापुरतं झालं. पाहुण्यांसाठी पानातल्या पत्त्यामागे प्रश्नचिन्ह आणि नवा क्रमांक जोडा, म्हणजे ब्राउझरला ती नवी फाईल वाटेल. आणि सर्व्हरवर थेट फाईल उघडून दुरुस्त करण्याचा मोह टाळा. पुढच्या वेळी तुमच्या संगणकावरची जुनी प्रत तिच्यावर बसते आणि ती दुरुस्ती गेली कुठे हे कळत नाही.

तुमच्यापुरतं आज रात्रीचं काम असं: फायली वर हलवा, कंपनीची इंडेक्स काढा, एफ१२ लावून लाल ओळी बघा, नावं लहान लिपीत आणा. लाल ओळी संपल्यावरच एसएसएल (साईटचं सुरक्षा प्रमाणपत्र) तपासून एचटीटीपीएसकडे वळवणारी ओळ .एचटीॲक्सेसमध्ये टाका, ती आधी टाकली तर चुका कोणत्या कारणाने होतायत हे उमगत नाही. एखादी लाल ओळ तरीही उरली तर तिचा पूर्ण पत्ता आणि फाईल मॅनेजरमध्ये दिसणारं नाव, दोन्ही जसंच्या तसं चिकटवून पाठवा. ‘चित्र दिसत नाही’ एवढ्यावरून मला काहीच सांगता येत नाही.